पाण्याखालची दोरी

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी साळिंदराने दाखवलेला आकडा शून्य असायला हवा होता. तो शून्य दशांश तीन होता.

कुंदा भोइटेने चष्मा पुसला. मग पडदा पुसला. यंत्र थांबवून तीच सुई पुन्हा वाचायला लावली. आकडा तोच आला. तिने शेजारच्या ओळीतली सुई वाचली. तिथे शून्य दशांश चार.

जमिनीखाली, जिथे गेली साडेपाच हजार वर्षं हवेचा कण पोचला नव्हता, तिथे प्राणवायू होता.

योनेमोरी हे जपानच्या उत्तरेकडचं छोटं गाव. एका बाजूला टेकाड, पायथ्याशी भातशेती. फार पूर्वी त्या टेकाडावर माणसं राहत होती. त्यांना लिहिता येत नव्हतं आणि शेतीही नावापुरतीच होती. मासे मारावेत, चेस्टनट गोळा करावेत, मातीची भांडी घडवावीत असा त्यांचा दिवस जाई. भांडं ओलं असतानाच ती त्यावर दोरी दाबून फिरवत. कणकेच्या गोळ्यावर सुतळी फिरवून पाहा, म्हणजे नक्षी कशी उमटते ते लगेच कळेल. त्या नक्षीवरून जपानी लोक त्या सगळ्या काळालाच जोमोन म्हणतात, म्हणजे दोरीच्या नक्षीचा काळ.

गंमत अशी, की भांडी ढिगांनी सापडतात, पण ज्या दोरीने नक्षी काढली ती दोरी जवळजवळ सापडतच नाही. सापडलीच तर बोटभर तुकडा. माती टिकते, दोरी कुजते.

कुंदाच्या साळिंदराला गेल्या ऑक्टोबरात तोकिए कुदो या म्हातारीच्या शेताखाली दीड मीटरवर एक अख्खं वेटोळं दिसलं होतं. शिना नावाच्या झाडाच्या सालीची, तीन पदरी, सुमारे बावीस मीटर लांब दोरी.

साळिंदर हे नाव कुंदाच्या नवऱ्याने, विश्रामने ठेवलं होतं. पुण्याजवळ भोसरीच्या एका शेडमध्ये दोघांनी मिळून ते यंत्र बनवलं होतं. चार चाकं आणि पोटाखाली चौसष्ट लांब सुया. सुई विणायच्या सुईपेक्षाही बारीक. ती जमिनीत दोन मीटर उतरते आणि दर बोटभर अंतरावर मोहरीएवढी माती ओढून घेते. प्रत्येक सजीव आपल्या पेशींचा चुरा मागे सोडून जातो आणि त्या चुऱ्यात त्याची ओळख लिहिलेली असते. यंत्र ती ओळख वाचतं, शिवाय मातीतला प्राणवायूही मोजतं. इथे कुत्रा झोपत होता, इथे कुणी सॅमन माशाचं डोकं टाकलं, इथे दोरी आहे. अशी हजारो टिपणं जोडली की जमिनीच्या पोटाचा नकाशा तयार होतो.

उत्खनन म्हणजे एकदाच उघडता येणारं पाकीट. उघडलं की त्याचा चिकटवलेला कागद फाटतो. म्हणून जपानातली जाणती माणसं सापडलेली जागा नोंदवून पुष्कळदा पुन्हा मातीने बुजवून टाकतात. झाकलेलं तेच सुरक्षित. साळिंदराने त्यांना सांगितलं होतं, की पाकीट न उघडता आतलं पत्र वाचून दाखवतो.

शनिवारी सरकारी समिती येणार होती. पूर्ण नकाशा पाहून ती या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा देणार होती. दर्जा मिळाला नाही तर आखलेला नवा रस्ता सरळ या शेतावरून जाणार होता. नकाशाचे दोन भाग झाले होते, तिसरा राहिला होता.

आता हा प्राणवायू एवढा वाईट का, ते समजायला लोणच्याची बरणी आठवावी. वर तेलाचा थर असतो तोवर फोडी वर्षभर नीट राहतात. कुणी चमचा घालून तेल बाजूला केलं, फोड उघडी पडली, की चार दिवसांत बुरशी. दलदलीतल्या चिखलात पाणी हेच तेल. खाली हवा नाही, म्हणून कुजवणारे जंतू झोपलेले, म्हणून दोरी आहे. हवा आत शिरली की ते जंतू जागे होतात.

आणि हवा शिरली होती.

कुंदाने ओळीतल्या आठ सुया जमिनीतच रोवून ठेवल्या आणि दर तासाला वाचायचं ठरवलं. मग शेत कोरडं ठेवण्यासाठी कडेला लावलेला पंप बंद केला.

दहाच्या चहाला तोकिए-सान, आपल्याकडे तोकिएबाई म्हणतील तशी, बांधावर आली. वय एक्याऐंशी. डोक्याला रुमाल, हातात थर्मास, पाण्याची किटली आणि मुळ्याच्या लोणच्याचा डबा. पंपाचा आवाज नाही हे तिने बसण्याआधीच टिपलं.

"पंप बिघडला?"

"मी बंद केला. तोकिए-सान, एक विचारू? हे शेत पूर्वी पाणी धरायचं?"

"पूर्वी म्हणजे? तुम्ही येईपर्यंत धरत होतं." तिने चहा ओतला. "वीतभर खाली कडक तळ आहे. माझ्या सासूच्या सासूने तुडवलाय, तिच्या आधीच्या बायांनी तुडवलाय. वर पाणी सोडलं की मेपासून ऑगस्टपर्यंत हलत नाही."

"आता धरेल?"

तोकिए-सान उठून शेडमधून बूड नसलेली बादली घेऊन आली. ती शेतात मध्यभागी रोवली, पाय देऊन घट्ट बसवली, आणि थर्मासशेजारची पाण्याची किटली तिच्यात रिकामी केली.

"चहा घे," ती म्हणाली.

दोघी बसल्या. कुंदाने अर्धा पेला संपवला. तोकिए-सानने लोणच्याच्या दोन फोडी खाल्ल्या आणि मानेने बादलीकडे खूण केली. कुंदा जाऊन डोकावली. तळाला ओली माती होती. पाणी नव्हतं.

"संध्याकाळपर्यंत राहायला हवं होतं," तोकिए-सान म्हणाली. "तुमच्या सुयांनी तळाची चाळण केली."

"तुम्ही आधी का नाही बोललात?"

"शेत कोरडं ठेवा म्हणून छापील कागद घेऊन तुम्ही पाच जण आलात. वाकून नमस्कार केलात. वाटलं, एवढी शिकलेली माणसं, पाण्याचं यांना माहीत असेलच."

कुंदाचं माहेर वेल्ह्याचं. तिची आई आषाढात गुडघाभर चिखलात उभी राहून चिखलणी करायची, बैल फिरवायची. चिखलणीने नुसती माती मऊ होत नाही, बारीक गाळ खाली बसून प्रत्येक छिद्र लिंपून टाकतो आणि पाणी थांबतं, हे आईला कुणी शिकवलं नव्हतं आणि कुंदाने कधी विचारलं नव्हतं. ती भौतिकशास्त्र शिकायला पुण्याला गेली होती.

दुपारी दोनला तिने विश्रामला फोन लावला. तिकडे साडेदहा वाजले होते. तिने सगळं सांगितलं.

"हे कुणाला कळलंय?" त्याने विचारलं.

"हा तुझा पहिला प्रश्न?"

"कुंदा, चिडू नकोस. सांग."

"मला आणि शेतवालीला."

"हे होऊच शकत नाही. आपण शिवापूरच्या शेतात तपासलं होतं. सुई काढली की तासाभरात छिद्र बुजायचं. तू स्वतः फोटो काढलेत."

"शिवापूरची माती काळी होती."

"तिथलीही काळीच आहे. नमुना मी पाहिलाय."

"ती राखेने काळी आहे, विश्राम. ज्वालामुखीची राख आणि हजारो वर्षांचं कुजलेलं गवत. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते, भेगा मिटवते. ही फुगत नाही. केलेलं छिद्र तसंच राहतं, नळीसारखं. आपण रंग बघितला आणि घरचीच समजलो."

तिकडे त्याच्या मागे शेडमध्ये कुणीतरी पत्रा कापत होतं.

"किती वेगाने खाली जातीय हवा?"

"दिवसाला पाच सेंटिमीटर. दोरीच्या वर बावीस राहिलेत. त्यात पंपाने पाणी आधीच खाली गेलंय, आणि यंदा बर्फ पडलंच नाही म्हणावं इतकं कमी, त्यामुळे ते आपोआप वर येणार नाही. शुक्रवारी रात्री हवा दोरीला लागेल."

"आणि समिती शनिवारी." तो हिशोबी आवाजात बोलू लागला. हा आवाज तिला आवडायचा, सगळं जमून येणार असं वाटायचं त्याने. "मग असं कर. उरलेला नकाशा पूर्ण कर. शिक्का बसू दे. शनिवारी दुपारी पाणी सोड. दोरी एका दिवसात कुजत नाही."

"नकाशा पूर्ण करायचा म्हणजे आणखी पाच हजार छिद्रं."

"आणि नाही केला तर वरून डांबरी रस्ता. मग तुझी दोरी कुणाची? तू भावनेच्या भरात बोलतेयस."

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

"आणखी चाळीस जागी पुढच्या सोमवारी अशीच साळिंदरं उतरणार आहेत," ती शेवटी म्हणाली. "त्यांतल्या कितीतरी याच मातीच्या. त्यांना आज कळवायला हवं."

"मला दोन दिवस दे. काहीतरी लेप काढतो छिद्रांवर. सुई निघताना मागे चिकणमाती सोडेल असं काही. दोन दिवस, कुंदा."

तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवून सुया वाचल्या. एकवीस.

हाताकेयामा हा नगरपालिकेचा पुरातत्त्व अधिकारी. पंचेचाळीसचा, सडपातळ, बोलण्याआधी दरवेळी घसा साफ करणारा. या जागेला दर्जा मिळावा म्हणून तो अकरा वर्षं कागद हलवत होता. मंगळवारी सकाळी बांधावर उभ्या उभ्या त्याने सगळं ऐकलं.

"म्हणजे माझ्या सहीने हे झालं," तो म्हणाला.

"माझ्या सुईने झालं."

"सही नसती तर सुई आली नसती." त्याने घसा साफ केला. "छिद्रं एकेक करून बुजवता येतील?"

"अकरा हजार आहेत."

तोकिए-सान बांधावरचं गवत उपटत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पाणी सोडून चिखलणी केली की झालं. एका दिवसाचं काम."

"तोकिए-सान, ही नोंद झालेली जागा आहे. इथली माती हलवायची तर साठ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो."

"भात लावायला अर्ज कधीपासून लागतो?"

 "नेहमीच्या शेतीला नाही लागत," तो हळूच म्हणाला. "पण शेत कोरडं ठेवीन असं तुम्ही लिहून दिलंय."

"मग नाही ठेवणार असं लिहून देते. कागद आहे?"

त्याने कुंदाकडे पाहिलं. "चिखलणी झाली तर नकाशा?"

"संपला. गाळ आणि आत्ताच्या भाताचा चुरा प्रत्येक छिद्रात उतरेल. पुन्हा इथे काही वाचता येणार नाही. दोन तृतीयांश आहे तेवढंच."

"अर्धवट नकाशा घेऊन समितीसमोर मी उभं राहायचं." तो टेकाडाकडे पाहत राहिला. "अकरा वर्षं मी सगळ्यांना सांगत आलो, की इथे काहीही न करणं हेच संरक्षण. शाळेतल्या मुलांनाही सांगितलं. आणि मग यंत्र आलं तेव्हा मलाच राहवलं नाही. दोरी बघायची होती."

तोकिए-सानने घरातून सहीऐवजी मारायचा शिक्का आणला. चार ओळी लिहून खाली लाल छाप उमटवला. हाताकेयामाने पत्र दोन्ही हातांनी घेतलं, घड्याळ पाहून त्यावर वेळ टाकली, आणि पाठीचा कणा वाकवून नमस्कार केला.

आता अडलं ते पाण्यावर.

योनेमोरीत पाटाचं पाणी दहा मे रोजी सुटतं. त्याआधी कुणालाही थेंब मिळत नाही. आपल्याकडे पाटकरी असतो तसा तिथे नारिता नावाचा माणूस होता. वय शहात्तर, पाटाच्या दरवाजाची किल्ली त्याच्याकडे. तोकिए-सानचं आणि त्याचं बावीस वर्षं बोलणं नव्हतं. दुष्काळाच्या एका साली पाळी कुणाची यावरून झालेलं ते भांडण गावातल्या सगळ्यांना पाठ होतं.

मंगळवारी दुपारी तो अंगणात कोयता परजत होता.

"दहा मे," त्याने तोकिए-सान आणि कुंदाला पाहताच सांगितलं.

"मी अजून काही बोललेही नाही," तोकिए-सान म्हणाली.

"बावीस वर्षांनी दारात आलीस. पाणी सोडून दुसरं काय मागणार? शेत तर पडीक टाकलंस. विद्वानांना दिलंस खेळायला."

"दिलं. चुकलं. आता माघारी घेतलं."

नारिताचा हात थांबला. तोकिए कुदोच्या तोंडून चुकलं हा शब्द त्याने बहुधा पहिल्यांदाच ऐकला असावा. पण त्याने मान हलवली. "पाटात हिवाळ्याचा सगळा कचरा पडलाय. साफ न करता पाणी सोडलं तर नऊ घरांच्या शेतात गाळ जाईल. पाटसफाई अजून दोन आठवड्यांनी आहे."

कुंदा पुढे झाली. लोणच्याच्या बरणीची गोष्ट तिने त्याला जपानीत सांगितली, फक्त तेलाऐवजी लोणच्यावर ठेवायचा दगड सांगितला, कारण तिथे तसं करतात. सुयांचं सांगितलं. शुक्रवारचं सांगितलं.

नारिताने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दोरी कशाची?"

"शिनाच्या सालीची."

"किती पदरी?"

"तीन."

"माझा आजा वळायचा," तो म्हणाला. "साल आधी पाण्यात घालून ठेवावी लागते. उन्हाळाभर. त्याशिवाय धागा सुटत नाही. वळलेली दोरीसुद्धा तो पाण्यातच ठेवायचा, मऊ राहावी म्हणून." त्याने कोयत्याची धार अंगठ्याने पाहिली. "म्हणजे त्या माणसानेही पाण्यातच ठेवली होती. काढायला आला नाही."

"नाही आला."

नारिता तोकिए-सानकडे वळला. "बाकी आठ घरांना तू स्वतः विचारायचं. मी नाही विचारणार."

"विचारते."

"प्रत्येकाच्या दारात जाऊन."

"ऐकलं मी. बहिरा तू झालायस, मी नाही."

बुधवारी सकाळी सहाला नऊ घरांतली तेरा माणसं फावडी घेऊन पाटावर उभी होती. त्यांतला सर्वांत तरुण बासष्टचा होता. कुणी साळिंदराबद्दल कुंदाला एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला फार लागलं. ती दिवसभर त्यांच्याबरोबर सडलेली पानं आणि फांद्या उपसत राहिली. सुया वाचायला मध्येच पळत जाई. पंधरा. संध्याकाळी बारा.

चहाच्या सुटीत तिने फोन काढला आणि चाळीस जागांच्या प्रमुखांना पत्र पाठवलं. माती फुगणारी नसेल तर सुई उतरवू नका, आमची चाचणी चुकली आहे, खाली आकडे जोडले आहेत. विश्रामने मागितलेले दोन दिवस झाले नव्हते. दहा मिनिटांत त्याची एक ओळ आली. 'मला विचारून पाठवायचं होतंस.' फोनच्या काचेवर तिच्या बोटाचा चिखल लागला होता. तिने उत्तर लिहिलं नाही. चिखलही तसाच राहिला.

गुरुवारी सव्वाअकराला पाणी आलं. त्याआधी कुंदाने आठ सुया शेवटच्या वाचल्या. सात सेंटिमीटर. मग एकेक करून उपसल्या, कारण पॉवर टिलरच्या पात्यांत त्या आल्या असत्या. यापुढे खाली काय चाललंय हे सांगणारं काही उरलं नाही.

पाणी पसरलं आणि शेत ते पिऊ लागलं. तासभर नुसतं पीत राहिलं. मग पाणी जरा ठरलं, आणि बांधावरचे सगळे पुढे वाकले.

पाण्यावर बुडबुडे येत होते. सरळ रेषेत. ओळीमागून ओळ, प्रत्येक ओळीत सारख्या अंतरावर, वहीच्या चौकटींसारखे. जिथे जिथे सुई गेली होती तिथून हवा वर येत होती. आठ गुंठ्यांच्या शेतावर कुंदाचा नकाशा उमटला होता.

"सुबक काम आहे तुमचं," नारिता म्हणाला. टोमणा होता की काय, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

तोकिए-सानने टिलर सुरू केला. वयाच्या मानाने तिने तो फारच सफाईने वळवला. मागे चिखल लोण्यासारखा होत गेला आणि ओळी पुसल्या जाऊ लागल्या. कुंदा अनवाणी उतरली. बर्फाचं पाणी होतं ते, पोटऱ्या बधिर झाल्या. टिलर पोचत नाही अशा कोपऱ्यांत ती पायाने चिखल तुडवत राहिली. ईशान्येचा एक कोपरा ऐकेना. तिथेच खाली वेटोळं होतं. तीन वेळा तुडवला, तीन वेळा बुडबुडे परत आले.

"टाच नको, अख्खं पाऊल," तोकिए-सान ओरडून म्हणाली. "आणि घाई नको. गाळाला बसायला वेळ दे."

कुंदाने घाई सोडली. एक पाऊल, थांबायचं. दुसरं पाऊल, थांबायचं. साडेतीनच्या सुमाराला शेवटचा बुडबुडा आला आणि मग आला नाही. नारिताने बांधावर काडी रोवून पाण्याच्या पातळीवर खूण केली. पाचला पाणी खुणेवरच होतं.

शनिवारी समितीची चार माणसं आली. अध्यक्ष सेगावा या सत्तरीच्या बाई होत्या. पन्नास वर्षांपूर्वी अशाच एका उत्खननात माती चाळायला गेल्या आणि तिथल्याच झाल्या, असं त्यांच्याबद्दल सांगत. त्यांच्यासाठी कोरडी जमीन, त्यावर चालतं साळिंदर आणि पूर्ण नकाशा असं सगळं ठरलं होतं. त्यांच्यासमोर पाण्याचा आरसा होता आणि त्यात टेकाड उलटं दिसत होतं.

हाताकेयामाने घसा साफ केला, पण बोलली कुंदा. तिने अर्धवट नकाशा दिला, प्राणवायूचे आकडे दिले, मातीची चूक सांगितली. तिने स्वतःला सोडलं नाही आणि रडतही बसली नाही. शेवटी दोरीच्या वेटोळ्याचं चित्र त्यांच्या हातात ठेवलं.

सेगावा-सानने ते बराच वेळ पाहिलं. "ही आज आहे?"

"गुरुवारी सकाळी होती. हवा सात सेंटिमीटरवर होती."

"मी आजचं विचारलं."

"माहीत नाही. पाणी खुणेवर आहे, म्हणजे हवा थांबली असावी. असावी, एवढंच म्हणते."

समितीतला एक तरुण सदस्य रस्त्याकडे पाहत होता. तिथे साळिंदर ताडपत्रीखाली उभं होतं. "त्याची एक सुई दोरीपर्यंत पोचते ना?" तो म्हणाला. "त्या कोपऱ्यात फक्त एक. ओळख पुसट आली तरी चालेल, आहे की नाही एवढं कळलं तरी पुरे. दोरी आहे असं आज दिसलं तर मला नाही वाटत कुणी हरकत घेईल. दर्जा इथेच देता येईल."

हाताकेयामाने डोळे मिटले. अकरा वर्षं एका सुईच्या टोकावर येऊन थांबली होती. कुंदाला तेही दिसलं आणि भोसरीची शेडही दिसली. एक सुई, एक छिद्र. दोरी शाबूत निघाली तर रस्ता सरकेल, साळिंदरही बहुतेक वाचेल, घरी फोन करता येईल. तिला स्वतःला तर कळायला हवंच होतं. दोन दिवस तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"नाही," ती म्हणाली.

"एकच छिद्र आहे."

"पहिलंही एकच होतं."

 शेतात तोकिए-सान बांधाच्या कडेला चिखलाचा गोळा थापत होती, पाहुण्यांकडे तिचं लक्ष नव्हतं.

"मग आम्ही कशावरून म्हणायचं की इथे काही आहे?" सेगावा-सानने विचारलं. आवाजात राग नव्हता. परीक्षक विचारतो तसं विचारलं.

"त्या माणसाने ती पाण्यात ठेवली होती," कुंदा म्हणाली. "आम्ही ती पुन्हा पाण्यात ठेवली आहे. यापुढे मला काही सांगता येत नाही."

सेगावा-सानने पिशवीतून छापील अर्ज काढला. त्यात एक चौकट होती, अवशेषांची सद्यस्थिती. मागच्या सगळ्या अर्जांत तिथे अर्धं पान भरलेलं असे. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि हाताकेयामाच्या पाठीवर कागद टेकवून लिहिलं, 'पाण्याखाली. पाहिलेली नाही.' मग पुढच्या चौकटीत, शिफारस या शब्दासमोर, सही केली. तरुण सदस्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा त्यांनी पेन त्याच्याकडे केलं. त्याने थोडा वेळ पेन नुसतं धरून ठेवलं. मग तोही वाकला. उरलेल्या दोघांनी त्याच्या मागोमाग सह्या केल्या.

"वरच्या कचेरीत यावर पुष्कळ प्रश्न येतील," सेगावा-सान हाताकेयामाला म्हणाल्या. "आणि साळिंदराबद्दल मला काही चांगलं लिहिता येणार नाही, भोइटे-सान."

"मीच लिहून देते," कुंदा म्हणाली.

गाड्या गेल्या. हाताकेयामा अर्ज छातीशी धरून त्यांच्या मागोमाग गेला, वळणावर एकदा अडखळला. कुंदाने फोन पाहिला. विश्रामचं काही नव्हतं. तिने 'झालं. आता बोलूया का?' असं लिहिलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि पाठवून दिलं.

तोकिए-सान बांधावर येऊन हात धूत होती.

"पाणी असं नुसतं ठेवून चालत नाही," ती म्हणाली. "भात लावावा लागतो. पीक नसलं की लोक शेताला पडीक समजतात आणि पाणी दुसरीकडे वळवतात. महिनाभरात रोपं तयार होतील. लावायला माणसं लागतात."

"मला लावणी येत नाही."

तोकिए-सानने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वाकता येतं ना?"